गेलेल्या फॉर्मची बखर

आमच्या जाफराबादचा इतिहास बहुतेक दगडात आहे. केळना आणि पूर्णा या दोन नद्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे हे गाव वसले, कुणा जाफरखानाचे नाव त्याला चिकटले, आणि पुढे तट, गढी, मशिदी, महादेवाचे देऊळ असा सगळा सरंजाम जमला. (गुजरातेत समुद्रकाठी आणखी एक जाफराबाद आहे. परगावचे पाहुणे 'तुमच्याकडे मासे स्वस्त असतील' असे म्हणतात तेव्हा ते त्या जाफराबादबद्दल बोलत असतात. आमच्याकडे समुद्र सोडाच, एप्रिलनंतर नळाला पाणी आले तरी बातमी होते.) येथल्या मशिदीवर औरंगजेबाच्या अमदानीतला फारशी शिलालेख आहे. कोणी बांधली, कुणाच्या हुकुमाने आणि कोणत्या साली, असा त्यातला मजकूर. आमच्या भाषेत सांगायचे तर तीन रकान्यांचा फॉर्म! तो एकदा भरला, त्याला साडेतीनशे वर्षे झाली, पण 'आपली माहिती आढळली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा' असे त्या दगडाने आजवर एकाही इतिहास संशोधकाला सांगितलेले नाही.

दगडानंतर कागद आला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, तेव्हाचे महसुली कागद उर्दूत. मग हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९८१ च्या १ मे रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा औरंगाबादच्या कपाटांतले आमचे कागद जालन्याच्या कपाटांत आले. एवढ्या उलथापालथीत कागद हरवले नसतील असे मी म्हणत नाही. पण कागद हरवला तर तो हरवल्याचे दिसते. कपाटात जागा रिकामी असते, जावक बारनिशीत नोंद असते, निदान ज्याने तो हरवला त्याच्या चेहऱ्यावर तरी काहीतरी असते. उंदराने खाल्ला असेल तर उंदीर असतो!

मी बँकेत कारकून आहे, शिक्षणाने बी. कॉम. आमच्या शास्त्रात हरवणे ही क्रियाच नाही. पाचशे रुपये जमा बाजूला आले आणि कुणाचे ते कळेना, तर ते 'सस्पेन्स' खात्यात जातात. नाव सिनेमाचे वाटते, पण खाते अगदी सज्जन आहे. धनी सापडेपर्यंत पैसे तिथे निमूट बसून राहतात. लुका पॅचिओली नावाच्या इटालियन जोग्याने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून ठेवली, तेव्हापासून जगातला प्रत्येक पैसा दोन ठिकाणी लिहिला जातो. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. संध्याकाळी दहा पैशांचा फरक आला की सगळी शाखा दिवे लावून बसायची. घरी बायको, पोळ्या आणि शेवटची एस. टी. या तिन्ही गोष्टी थंड होत असत.

अशा माणसाला २१ व्या शतकात कुणीतरी सांगावे की 'साहेब, फॉर्म भरला होता, पण गेला', आणि 'कुठे गेला' असे विचारल्यावर 'गेला म्हणजे गेला' असे उत्तर मिळावे, याचा त्याला किती क्लेश होत असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. त्यातून तो नेहमी जात नाही. अधूनमधून जातो. हे 'अधूनमधून' प्रकरण भयंकर आहे. जी मोटर कधीच सुरू होत नाही ती दुरुस्तीला तरी जाते. जी चार दिवसांत एकदा बंद पडते ती तीन हंगाम शेतकऱ्याला नादी लावते. मिस्तरी आला की ती गुरगुरत चालते, मिस्तरी फाट्यापर्यंत गेला की बसते. जावयांतही ही जात आढळते.

या दुखण्याचे मूळ शोधायचे तर जिनिव्हापर्यंत जावे लागते. तिथल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाच्या गृहस्थाने १९८९ मध्ये एक टिपण लिहिले आणि १९९१ मध्ये जगाला वर्ल्ड वाइड वेब दाखवले. त्याला शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना वाचायला द्यायचे होते, एवढेच. तेव्हा त्याने दळणवळणाची पद्धत ठेवली ती अगदी साधी. तुम्ही पान मागा, सर्व्हर पान देईल आणि तुम्हाला विसरून जाईल. पुन्हा पान मागितलेत तर पुन्हा अनोळखी. लग्नातल्या वाढप्यासारखे हे आहे. तुम्ही जिलेबी घेतलीत का, कितव्यांदा घेतलीत, तुम्ही वराकडचे की वधूकडचे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. वाचनापुरता हा बेत उत्तम होता. विसराळू माणसाला एकाच वेळी हजार जणांना वाढता येते.

घोटाळा झाला तो लोक त्या पानांवर लिहायला लागल्यावर. फॉर्म आले, आणि १९९५ च्या नोव्हेंबरात एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रमाण होऊन बसले. आता पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर पत्ता, तिसऱ्यावर जात, चौथ्यावर उत्पन्न. आणि समोर बसलेला कारकून कसा, तर प्रत्येक पानाला विचारणार, 'आपण कोण?'

यावर १९९४ मध्येच एक तोड निघाली होती. नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुणाने 'कुकी' काढली. कुकी म्हणजे बिस्किट, पण खरे पाहता ते आमच्या बँकेतले पितळी टोकन आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, चेक दिला की टोकन मिळायचे, चेक आत जायचा, आणि कॅशियर नंबर पुकारीपर्यंत आपण बाकावर बसून दुसऱ्यांचे नंबर ऐकायचो. तसेच हे. सर्व्हर एक नंबर देतो, तो तुमचा ब्राउझर जपून ठेवतो आणि प्रत्येक पानाबरोबर दाखवतो. गंमत अशी की या शोधाला निमित्त झाले ते खरेदीच्या दुकानाचे. नेटस्केपच्या एका गिऱ्हाईक कंपनीला अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळायचे नव्हते. म्हणजे अर्धवट काम कुणी सांभाळावे, यावरून पहिल्या दिवसापासूनच टोलवाटोलवी! सरकारी नोकरीत असलेल्यांना हे वाचून घरच्यासारखे वाटेल.

पुढे बहुतेकांनी मध्यममार्ग काढला. टोकन ब्राउझरकडे, चेक सर्व्हरकडे. पीएचपी नावाची एक भाषा आहे. रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडात जन्मलेल्या गृहस्थाने १९९५ मध्ये ती स्वतःच्या पानासाठी जुळवली. सुरुवातीच्या नावातच 'फॉर्म इंटरप्रिटर' असे शब्द होते, म्हणजे फॉर्मचा दुभाषाच तो. २००० सालच्या मे महिन्यात तिची चौथी आवृत्ती आली, तिच्यात ही टोकनची व्यवस्था तयारच दिली होती. तुमची अर्धवट माहिती सर्व्हर एका छोट्या फायलीत ठेवतो आणि वाट पाहतो. किती वेळ पाहतो? काही बदलले नाही तर १४४० सेकंद. हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण दिवसाची मिनिटे तेवढीच असतात. पण हे सेकंद आहेत. साठाने भागा. २४ मिनिटे.

२४ मिनिटे म्हणजे काय ते आपल्याला त्या लोकांपेक्षा जास्त कळायला हवे. २४ मिनिटे म्हणजे एक घटका! दिवसाच्या साठ घटकांतली एक. लग्नात गुरुजी पाण्याच्या घंगाळात तळाला भोक पाडलेले तांब्याचे वाटीसारखे घटिकापात्र सोडायचे, ते हळूहळू भरून बुडाले की घटका भरली. एवढी शतके आपण 'घटका भरली' हा वाक्प्रचार ज्या अर्थाने वापरत आलो, नेमक्या त्याच अर्थाने तो या यंत्राने उचलला आहे.

आता २०१७ साल. २४ जून रोजी सरकारने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतची. तिला शिवछत्रपतींचे नाव दिले. आणि यावेळी अर्ज ऑनलाइन! जुलैच्या अखेरीपासून नवरा-बायको दोघांची आधार कार्डे घेऊन, बोटांचे ठसे द्यायला शेतकरी केंद्रांसमोर उभे राहिले. त्याच दिवसांत पीकविम्याची ३१ जुलै ही तारीखही आली. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या बँकांसमोर ज्या रांगा लागल्या त्या मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिल्या आहेत. लोक रात्री मुक्कामाला येत होते. सर्व्हर चालेना म्हणून विम्याची मुदत ऑगस्टमध्ये न्यावी लागली, हातचे कागदी अर्ज घ्यावे लागले. कर्जमाफीची मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबर झाली. पन्नास लाखांहून जास्त अर्ज आले. आम्हा बँकवाल्यांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून पाठवायची होती. सहासष्ट! माझ्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी मिळून एवढी चौकशी केली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रे वाटली, आणि पाठोपाठ बातम्या आल्या की एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसताहेत. मग याद्या तपासा, हिरवी यादी, पिवळी यादी. आमच्या काउंटरवर एक म्हातारबा आले. त्यांनी मला विचारले, ''साहेब, म्या म्हन्तो भरलं, मशीन म्हन्तं नाही भरलं. आता याच्यात खरं कोन?'' मी त्यांना चहा दिला. त्या प्रश्नाला आमच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नव्हते. बँकेत पैसे भरले तर शिक्का मारलेली अर्धी स्लिप तरी हातात राहते. इथे दोन्ही अर्ध्या त्याच्याकडेच.

ही मोठी मंडळींची गोष्ट झाली. पुढल्या वर्षी, २०१८ च्या जूनमध्ये, हाच आजार आमच्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेला झाला, आणि त्याचे निदान होताना मी हजर होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. प्रवेशाचा पाच पानी ऑनलाइन फॉर्म होता. अधूनमधून काय व्हायचे, तर विद्यार्थ्याला अर्ज क्रमांक मिळायचा पण कार्यालयात तो अर्ज उघडला की पहिली चार पाने कोरी. नाव नाही, गाव नाही, मार्क नाहीत. फक्त पाचव्या पानावरचा बँक खात्याचा तपशील तेवढा जागच्या जागी. असे २३ बिननावी अर्ज जमले होते. कार्यालयाचे म्हणणे, पोरे नीट भरत नाहीत. पोरांचे म्हणणे, आम्ही भरले. 'सिस्टीममध्ये नाही म्हणजे भरलेच नाही' हे ब्रह्मवाक्य तिथेच मी प्रथम ऐकले.

माझा भाचा पुण्यात याच धंद्यात आहे. तो आजोळी आंबे खायला आला होता, त्याला मी जुंपले. त्याने लॅपटॉप उघडला, नावाच्या जागी 'एबीसीडी', गावाच्या जागी 'एक्सवायझेड' घातले आणि दीड मिनिटात फॉर्म भरून मोकळा झाला. फॉर्म जसाच्या तसा पोहोचला.

''मामा, व्यवस्थित चालतंय की!''

''अरे, दीड मिनिटात तुझा चालेल. इथली पोरं एक बोटानं टाइप करतात.''

हे मी सहज बोललो. पण तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला, ''मामा, एक वही आहे का?''

वही काढणे हा माझा धर्मच आहे. दोनशे पानी रजिस्टर आणले, रेघा मारल्या. नाव, बसल्याची वेळ, प्रत्येक 'पुढे' दाबल्याची वेळ, शेवटी सबमिटची वेळ, शेरा. केंद्र चालवणाऱ्या पोराला बजावले की प्रत्येकाची नोंद हवी, आणि समोर सही. मी शनिवार-रविवारी आणि एक रजा टाकून तीन दिवस तिथे बसलो. घरी 'तिकडे काय, चहा बरा मिळतो का' असे विचारले गेले.

तीन दिवसांत ६४ नोंदी झाल्या. ज्यांनी कुठल्याही एका पानावर २४ मिनिटांपेक्षा कमी वेळ घेतला असे ५०. त्यांच्यातला एकही अर्ज गेला नाही. उरलेल्या १४ जणांत ९ गेले आणि ५ राहिले. घटकेचा हिशेब भाच्याने मला तेव्हा समजावला. पण बी. कॉम. माणसाला ते पाच झोप येऊ देईनात. घटका भरली असताना हे पाच वाचले कसे?

रजिस्टर पुन्हा वाचले तेव्हा दिसले की ते पाचही सकाळी दहाच्या आतले. गेलेले नऊ दुपारचे. भाच्याने कपाळावर हात मारला. झाले असे होते. घटका भरलेल्या फायली सर्व्हर लगेच टाकून देत नाही. त्याच्याकडे एक झाडूवाला असतो, आणि तो घड्याळ पाहून येत नाही. कुणी ना कुणी सर्व्हरकडे काही मागितले की दर वेळी जणू शंभर कवड्या हलवतात, आणि त्यांतली एक ठरलेली कवडी निघाली तर झाडूवाला येतो. त्या वेळी ज्या ज्या फायलींची घटका भरलेली असेल त्या सगळ्या तो उचलतो. सकाळी गर्दी नाही, मागण्या थोड्या, कवडी क्वचित निघते. हळू भरणारा सुटतो. अकराला खेड्यांवरच्या एस. टी. आल्या की केंद्रावर जत्रा, मागण्या शेकड्यांनी, झाडूवाला घटकेघटकेला हजर. दुसऱ्याच्या मागणीने बोलावलेला झाडूवाला माझी फाइल घेऊन जातो! आणि मी पाचवे पान पाठवले की सर्व्हर टोकन पाहतो, त्या नंबरचा चेक काही त्याच्याकडे नसतो, मग तो कोरी फाइल उघडतो, पाचवे पान तिच्यात ठेवतो आणि अदबीने अर्ज क्रमांक देतो.

आता हळू कोण भरते ते पाहा. चौथ्या पानावर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांचे क्रमांक विचारले होते. ज्याच्या घरी वडिलांनी फाइल लावून ठेवली आहे तो तीन मिनिटांत पुढे जातो. ज्याचा दाखला काल निघाला, ज्याची झेरॉक्स समोरच्या दुकानात राहिली, ज्याला बापाला फोन लावून 'पेटीतला हिरवा कागद वाचून दाखवा' म्हणावे लागते, आणि बापाला वाचता येत नाही म्हणून शेजारच्या पोराला बोलवावे लागते, त्याची घटका भरते. दुपारच्या एस. टी.ने तोच येतो. तेव्हा त्या 'अधूनमधून'ला तसा चांगला नेम होता.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही, एवढी लहान. 'पुढे' दाबताच पान कायमच्या तक्त्यात लिहून ठेवायचे, घटकेऐवजी तीन तास द्यायचे, आणि नाव कोरे असेल तर अर्ज क्रमांक द्यायचा नाही. शेवटची अट मुळात का नव्हती हे कुणी सांगितले नाही आणि भाच्याने विचारलेही नाही, कारण आंबे संपत आले होते.

राहिले ते २३ बिननावी. त्यांच्या पाचव्या पानावर खाते क्रमांक होते आणि बरीच खाती आमच्याच शाखेची. 'अहो, तुम्ही नुसती नावे सांगा' असे कार्यालय म्हणाले. मी म्हणालो, ते माझ्या नोकरीत बसत नाही. त्यापेक्षा ज्यांचे अर्ज सापडत नाहीत त्या पोरांनाच पासबुके घेऊन बोलवा आणि खाते क्रमांक जुळवा. तसे २२ जुळले. तेविसावा जुळेना. त्या अर्जावर खाते क्रमांकाच्या जागी एक टिंब होते.

ती मुलगी तालुक्यातल्याच एका खेड्यातली. तिचे खातेच अजून उघडले नव्हते, म्हणून केंद्रातल्या पोराने टिंब देऊन पान पुढे ढकलले होते. वडील कार्यालयात हात जोडून उभे होते. ''म्या सोता सोबत होतो साहेब. माह्या समोर भरलं तिनं. अन हे डबडं म्हन्तं कोनी आलंच नव्हतं.'' यादी संध्याकाळी लागणार होती. मी रजिस्टर उघडले. तिचे नाव होते, सही होती. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी बसली, चौथ्या पानावर ३१ मिनिटे, २ वाजून ५१ मिनिटांनी सबमिट. बिननावी अर्जावर सर्व्हरने स्वतः टाकलेली वेळही २ वाजून ५१ मिनिटे. त्या मिनिटाला दुसरा अर्ज नव्हता. कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही वेळा तीनतीनदा वाचल्या, चष्मा पुसला आणि 'वहीत आहे ना, मग आहे' असे म्हणून तिचे नाव हाताने यादीत चढवले. खाते मी दुसऱ्या दिवशी उघडून दिले. फॉर्म कागदी होता.

राज्य पातळीवर वेगळाच इलाज निघाला. २०१९ च्या डिसेंबरात पुढली कर्जमुक्ती आली, महात्मा फुल्यांच्या नावाची, दोन लाखांपर्यंतची. तिच्यात शेतकऱ्याने अर्जच करायचा नव्हता. याद्या बँकांनी द्यायच्या, २०२० च्या फेब्रुवारीत त्या लागल्या, आणि शेतकऱ्याने फक्त जाऊन अंगठा द्यायचा. अर्ज हरवू नये म्हणून अर्जच ठेवला नाही! मात्र ही युक्ती पुढे सर्वांना पटलेली दिसली नाही. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींचे अर्ज सुरू झाले तेव्हा १५ जुलैची मुदत थेट ३१ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. २०२५ च्या मेमध्ये अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळाने अंग टाकले.

आमच्या केंद्रातल्या पोराने ते रजिस्टर सोडलेले नाही. आता त्याची चौथी वही चालू आहे. लाडक्या बहिणींच्या वेळी तो घाईत नोंद करायला विसरला की बायकाच त्याला अडवायच्या. ''ते मशीनीत राहू दे तुझं. आधी वहीत घे, अन टाइम टाक.''